नव्ह-शापेलच्या स्मारकावर नाव कसं शोधायचं?

लालबागकर: पणजोबांचे भाऊ (गाव सातारा जिल्ह्यात) पहिल्या महायुद्धात फ्रान्सला गेले ते परतलेच नाहीत. गावातल्या संगमरवरी पाटीवर नुसते आकडे आहेत, नावं नाहीत. मे महिन्यात पॅरिसला जायचंय. उत्तर फ्रान्समधल्या नव्ह-शापेल गावच्या भारतीय स्मारकावर त्यांचं नाव असेल का? एका दिवसात जाऊन येणं जमेल?

मुलुंड_पूर्व: आधी पलटण शोधा, मग तिकीट काढा. १०३, ११० आणि ११७ मराठा या पलटणी मेसोपोटेमियात (आजचा इराक), कुतच्या वेढ्यात होत्या. त्यांच्यातल्या कबर नसलेल्यांची नोंद बसराच्या स्मारकाखाली आहे (साध्या शिपायांची तिथे नावं नाहीत, नुसते आकडे), फ्रान्समध्ये नाही.

खरंच फ्रान्सला गेले असतील तर माझा पहिला अंदाज खडकीचे ३ सॅपर्स अँड मायनर्स. त्यांच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्या २८ ऑक्टोबर १९१४ ला ४७ शीख पलटणीसोबत याच गावावर चालून गेल्या. खंदक खणणारी, पूल बांधणारी माणसं पायदळ म्हणून पुढे घातली! गावात शिरून घराघरांत लढले, पण कुमक तोकडी पडली आणि मागे यावं लागलं. १० ते १३ मार्च १९१५ ची लढाई जास्त गाजली, तरी सॅपर असतील तर आधी ऑक्टोबर बघा.

बोरिवलीकर काका: कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या साइटवर शोध फुकट आहे. आडनाव टाकून सुरुवात करू नका, पुष्कळ नोंदींत ते नसतंच. स्मारक नव्ह-शापेल निवडा, रेजिमेंट सॅपर्स अँड मायनर्स, तारीख ऑक्टोबर १९१४ ते डिसेंबर १९१५. (भारतीय पायदळ १९१५ अखेर तिथून हललं, घोडदळ १९१८ पर्यंत होतं.) मग एकेक नोंद उघडून जादा माहितीत वडिलांचं नाव आणि गाव बघा. गावाचं स्पेलिंग साहेबाच्या कानाला लागलं तसं, तेव्हा उच्चार करून वाचा. सापडलं की पॅनेल नंबर टिपून घ्या. भिंतीवर ४,७०० हून जास्त नावं आहेत, नंबराशिवाय उन्हात फिरत बसाल.

लालबागकर: काका, कबर असेल तर?

बोरिवलीकर काका: मग भिंतीवर नाव नसणार, तिथे फक्त कबर नसलेल्यांची नावं आहेत. स्मारकाचा फिल्टर काढून, देश फ्रान्स ठेवून पुन्हा शोधा.

डोंबिवली_फास्ट: पॅरिसच्या गार द्यु नॉर स्टेशनवरून लिलपर्यंत तेजेवे (फ्रान्सची वेगवान गाडी), साधारण तासाभराचा प्रवास. पुढे लोकल गाडीने ला बासे आणि तिथून टॅक्सी. रविवार टाळा, गाड्या कमी असतात. जीपीएसला नुसतं गावाचं नाव दिलंत तर चर्चपाशी नेऊन सोडेल. स्मारक गावाबाहेर, ला बासे ते एस्तेर रस्त्यावरच्या चौकात आहे. खूण म्हणजे अशोकस्तंभाच्या धर्तीवरचा सुमारे १५ मीटरचा खांब, दोन्ही बाजूंना दगडी वाघ. खांबावर देवनागरीतही मजकूर आहे. समोर पोर्तुगीज सैनिकांची दफनभूमी दिसली की बरोबर आलात. टॅक्सीवाल्याला थांबवूनच ठेवा, परतीला तिथे दुसरी मिळणं कठीण.