मदत हवी आहे: जपानची शिष्यवृत्ती, सेंदाई आणि पावणेतीन वर्षांची लेक

रंकाळा_कट्टा:
नमस्कार मंडळी. जपान सरकारची मेक्स्ट शिष्यवृत्ती मिळाली आहे. सेंदाईच्या तोहोकु विद्यापीठात मटेरियल सायन्समध्ये पीएचडी, तीन वर्षं, ऑक्टोबरपासून. मी शिवाजी विद्यापीठातून एमएस्सी फिजिक्स केलं, थिन फिल्मवर काम होतं, सेट झालेली आहे आणि सध्या तासिका तत्त्वावर शिकवते. म्हणजे नोकरी सोडायचं दुःख नाही, सोडण्यासारखी नोकरीच नाही. आमच्याकडची मुलं बहुतेक कोरियाला जातात, त्यामुळे जपानबद्दल विचारायला जवळचं कोणी नाही.

फी नाही, विमानाचं तिकीट मिळणार, दरमहा १,४५,००० येन. अभ्यासाची भीती वाटत नाही, प्रश्न लेकीचा आहे. डिसेंबरात तीन पूर्ण होतील. नवऱ्याची नोकरी इचलकरंजीत, घराचे हप्ते चालू, तो निदान पहिलं वर्ष तरी येऊ शकत नाही. माहेरचा बेत असा की मी लेकीला घेऊन जायचं आणि आईनं वर्षभर आमच्यासोबत राहायचं. सासूबाई म्हणतात, नातीला इथंच ठेव आणि सहा महिन्यांनी येऊन दोन महिने राहून जात जा. शिवाय त्या रोज २०११ च्या सुनामीचे व्हिडिओ बघतात, ते वेगळंच.

आईला वर्षाचा व्हिसा मिळेल का? एवढ्या पैशांत भागेल का? तिथलं पाळणाघर परवडतं का? कोणी लहान मूल घेऊन पीएचडी केली असेल तर जरूर लिहा. ‘एक काहीतरी निवड’ हा सल्ला भरपूर मिळालाय, तो कृपया नको.

हिरोसेकाठचा:
अभिनंदन ताई! मी सेंदाईतच होतो. दोन्ही बेत मोडतोय, राग मानू नका.

विद्यार्थ्याच्या मागून कुटुंब म्हणून जो व्हिसा मिळतो तो फक्त नवरा किंवा बायको आणि मुलं यांना. आईवडील, सासू-सासरे अल्प मुदतीवर येतात, जास्तीत जास्त ९० दिवस. वर्षभर आई हे जमणार नाही. आणि सासूबाईंचा बेत शिष्यवृत्तीत बसत नाही. मेक्स्टवाल्यांना दर महिन्याला विद्यापीठात हजेरीची सही करावी लागते. सही नाही, तर त्या महिन्याचे पैसे नाहीत. सेन्सेईंची, म्हणजे मार्गदर्शक प्राध्यापकांची, परवानगी हा पुढचा विषय.

सुनामीचं म्हणाल तर शहराचा मध्यभाग समुद्रापासून बराच आत आहे आणि इंजिनिअरिंगचा आओबायामा कँपस चक्क टेकडीवर. भूकंपाचे धक्के मात्र बसतात. घरातली उंच कपाटं भिंतीला जखडून घ्या, बाकी सवय होते.

बेंतोवाली_आई:
अगं, मी जपानमध्ये असताना माझा मुलगा तुझ्या लेकीएवढाच होता. होतं सगळं. फक्त ऑक्टोबरात तिला सोबत नेऊ नकोस.

सरकारमान्य पाळणाघर म्हणजे होइकुएन. त्याचा अर्ज वॉर्ड ऑफिसात करायचा. आई शिकते आहे, हे कारण प्रवेशाला चालतं. पण जागा मोकळ्या होतात एप्रिलमध्ये, मुलं वरच्या वर्गात सरकली की. वर्षाच्या मध्ये मिळणं नशिबाचा भाग. एप्रिलसाठीचे अर्ज आदल्या शरद ऋतूत सुरू होतात, म्हणजे तू पोचशील त्याच सुमारास. वर्ग १ एप्रिलच्या वयावर ठरतो. तुझी लेक तोवर तीन पूर्ण असेल आणि २०१९ च्या ऑक्टोबरपासून तीन ते पाच वर्षांच्या वर्गांना फी नाही, जेवणाचे थोडे पैसे पडतात. तिथं राहायला आलेल्या परदेशी मुलांनाही बालभत्ता मिळतो, तिच्या वयाला महिना १०,००० येन.

तेव्हा तू एकटी जा. पहिल्या चौदा दिवसांत पत्ता नोंदव, आरोग्य विमा काढ, पोस्टाच्या बँकेत खातं उघड. विद्यापीठाच्या वसतिगृहातल्या खोल्या बहुतेक एकट्यासाठी असतात, म्हणून घर लगेच शोधायला लाग. यूआर या सरकारी गृहनिर्माण संस्थेची भाड्याची घरं बघ, तिथं ‘रेइकिन’ म्हणजे घरमालकाला द्यायचे परत न मिळणारे पैसे नाहीत आणि जामीनदारही लागत नाही. उत्पन्नाच्या अटी मात्र वाचून घे. लेकीच्या सीओईसाठी, म्हणजे व्हिसाआधी लागणाऱ्या पात्रतेच्या प्रमाणपत्रासाठी, इमिग्रेशनला अर्ज टाक, त्याला एक ते तीन महिने धर. मग मार्चमध्ये आई लेकीला घेऊन येईल आणि तिचे ९० दिवस नेमके पाळणाघर सुरू होताना कामी येतील. नव्या मुलांना पहिले काही दिवस तासा-दोन तासांतच घरी पाठवतात. पुढेही ३७.५ अंश सेल्सिअस ताप दिसला की फोन येतो, ‘घेऊन जा’. तेव्हा घरात माणूस हवं.

पैसे: पहिला हप्ता पोचल्या पोचल्या हातात पडत नाही. दोनेक हजार डॉलर सोबत आणा असं मेक्स्टच्याच सूचनांत असतं, आणि ते खरंच लागतात. दोघींचं १,४५,००० मध्ये भागतं, मात्र भाडं ५०-६० हजारांच्या वर जाऊ देऊ नकोस. कुटुंबाचं तिकीट शिष्यवृत्तीत नाही.

साडेतीनशे_पेठा:
माहिती उत्तम, पण तीन वर्षांच्या पोरीला सहा महिने आईवेगळं ठेवायचं हे इतकं सहज लिहिलंत? नवऱ्यानं बिनपगारी रजा काढून चार महिने जावं की. तो व्हिसा त्याला मिळतोच आहे.

बेंतोवाली_आई:
सहज नाही लिहिलं. पाळणाघर नसताना प्रयोगशाळा आणि मूल एकटीनं ओढणं मी बघितलंय, त्यात मुलाचेच जास्त हाल होतात. नवरा येत असेल तर सोन्याहून पिवळं.

रंकाळा_कट्टा:
सगळ्यांचे मनापासून आभार. आईला ९० दिवसांचं सांगितलं, ती म्हणाली, ‘मग मार्चचंच तिकीट काढ.’ रजेचं नवऱ्याशी आज बोलते. हप्त्यांमुळे चार महिने अवघड दिसतंय, पण डिसेंबर-जानेवारी तो लेकीला घेऊन फिरायला येऊ शकेल, तेही अल्प मुदतीवर होईल ना? आणि जपानी कितपत शिकून जाऊ? लॅबमध्ये इंग्रजी चालेल असं सेन्सेईंनी कळवलंय.

हिरोसेकाठचा:
अल्प मुदतीवर होईल. पण सीओईचा अर्ज चालू असताना ते करावं का, हे इमिग्रेशनला आधी विचारा.

लॅबमध्ये इंग्रजी चालेल, पाळणाघरात नाही. तिथं रोज एक वही येते: काय खाल्लं, किती झोपली, ताप किती. बाईंनी हातानं लिहिलेलं असतं, आपणही लिहून परत द्यायचं. हिरागाना, काताकाना या जपानी लिप्या इथूनच पक्क्या करून जा. आणि मांस-मासे खात नसाल तर लेकीच्या जेवणाचं अर्जातच स्पष्ट लिहा. तिथं साध्या सूपमध्येही माशाचा अर्क असतो.