बस वाढवण्याआधी बसथांबा मोजा

"वस्ती दाट होतेय तर बस दुप्पट करा" असा मुद्दा मांडला जातो, तो अर्धाच बरोबर आहे. गाड्या दुप्पट झाल्या तरी थांबा तेवढ्या गाड्या सोडू शकतो का, हे आधी बघायला हवं.

गृहीत धरू: 20,000 नवे रहिवासी, त्यातले 10 टक्के गर्दीच्या एका तासात एकाच दिशेने बसने जाणार. म्हणजे 2,000 प्रवासी. बसमागे उभे धरून 70, तर ताशी 29 बस लागतील.

आता बसथांब्याचं बघू. एकच बस उभी राहील एवढी जागा, पुढे निम्मा वेळ हिरवा असणारा सिग्नल, चढउताराला सरासरी 40 सेकंद. चढउताराचा वेळ कमीजास्त होतो, त्याची सवड ठेवली तर ताशी साधारण 27 बसच निघतात. बाकीच्या मागे रांगेत अडकतात, आणि दोन-तीन गाड्या एकदम येण्याचं दुखणं सुरू होतं.

तिकीट गाडीत चढण्याआधी आणि सगळ्या दारांनी चढउतार, एवढ्यानं 40 चे 20 सेकंद झाले तर तोच थांबा 45 च्या आसपास बस सोडतो. एकही नवी बस न घेता! माझ्या मते पहिला खर्च इथेच व्हावा.

थांबा लांबवून एकामागे एक जागा वाढवण्याला मात्र मर्यादा आहे. दुसऱ्या जागेनं क्षमता पाऊणपट वाढते, तिसरीनं त्याहून थोडी कमी वाढते, चौथीनं जेमतेम, कारण पुढची बस हलल्याशिवाय मागचीला निघता येत नाही. तिथे मार्ग दोन वेगळ्या थांब्यांत विभागा, आणि शक्य तिथे थांबा सिग्नलच्या पलीकडे न्या.