आजीच्या पेटीतील खण आणि जुन्या धाटणीची चोळी

पैठणकर_लेक: आजीच्या पेटीत न शिवलेले चार खण मिळाले असून त्यांतील गर्द जांभळा, लाल किनारीचा खण बहिणीच्या लग्नात साध्या सुती नऊवारीवर घालण्याजोग्या चोळीसाठी वापरावा असे मनात आहे. सध्या जुन्या धाटणीच्या फुग्याच्या बाह्या पुन्हा सर्वत्र दिसत असल्याने तशाच शिवून घ्याव्यात असे वाटते. मात्र इतकी वर्षे घडीत राहिलेले कापड शिलाई सोसेल का, आणि एका खणात अशा बाह्या बसतील का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

शिवणटिपण: कापड आधी उजेडासमोर धरून घड्यांच्या रेषा पाहाव्यात, कारण रेशीम प्रथम तेथेच विरते. रेषेच्या दोन्ही बाजूंना हलका ताण देताच धागे सरकू लागले, तर तो भाग मुंड्यात (बाही जोडतात त्या गोलाईत) किंवा खांद्यावर येऊ देऊ नये. खणाची नक्षी जादा ताण्यातून, म्हणजे विणीतील जादा उभ्या धाग्यांतून उमटते आणि मागच्या बाजूला तिचे धागे काही अंतर सुटे राहतात. बांगडी-अंगठीत ते सहज अडकतात, म्हणून मऊ मलमलीचे अस्तर हवेच. अस्तराचे कापड आधी धुऊन आटवून घ्यावे, अन्यथा पहिल्याच धुण्यात चोळी आवळते. शिलाईत भरपूर माया (टिपेबाहेरचे जादा कापड) ठेवावी आणि चोळी अंगाला घट्ट बसवण्याचा हट्ट धरू नये, कारण जुने कापड बहुधा काखेतच फाटते. लाल किनारीचा रंग जातो का, हे कोपऱ्यावर ओला पांढरा सुती बोळा दाबून पाहावे.

बाह्यांचे म्हणाल, तर खणाचा पन्हा (कापडाची रुंदी) सुमारे ३० इंच आणि लांबी एका चोळीपुरती असते. फुग्याच्या चुण्यांना लागणारे कापड त्यातून निघणे अवघड आहे.

जुने_छायाचित्र: कापडाची अडचण बाजूला ठेवली, तरी फुग्याची बाही आणि खण ही जोडी मला पटत नाही. फुगीर बाहीचे पोलके एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपीय पोशाखाच्या प्रभावातून आपल्याकडे रुळले, तर खणाची चोळी पुढे गाठ मारून घालायची आणि तिची बाही दंडाला लागून कोपराच्या वर संपायची. खणाची किनार नेमकी त्या कडेवर यायची, हीच तिची शोभा. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत सुरू केलेल्या छापखान्यातील चित्रे चोळीचा नमुना म्हणून पाहता येतील, अर्थात चित्रकाराने त्यांतील स्त्रियांना सजवले आहे हे ध्यानात ठेवून. आजच्या दुकानांत ‘रेट्रो’ म्हणून जे मिळते, त्यात तीन पिढ्यांचे पोशाख एकाच अंगावर चढवलेले असतात. अर्थात लग्नघरी कोणी परीक्षा घेत नाही.

माग_आणि_धोटा: वरील मताला अंशतः विरोध नोंदवतो. फुग्याच्या बाह्या मनापासून हव्या असतील, तर त्या नऊवारीच्या रंगाशी जुळणाऱ्या साध्या सुती कापडाच्या कराव्यात आणि खण फक्त पाठीला व पुढच्या भागाला वापरावा. जुळत नसलेला नवा खण जोडण्यापेक्षा ते बरे दिसते. नवा खण घ्यावयाचाच झाल्यास सावध राहावे. कर्नाटकातील गुळेदगुड्डचा हातमागाचा खण अरुंदच विणला जातो, त्यामुळे ‘खणाची साडी’ म्हणून जे रुंद पन्ह्याचे कापड विकले जाते, ते बहुतांशी यंत्रमागावरचे आणि अनेकदा पॉलिएस्टरचे असते. कडेचा एक धागा काढून जाळल्यास पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो, सुताची राख होते. ती साडी वाईट नसते; फक्त तिला जुनी म्हणून जास्त किंमत मोजू नये.

पैठणकर_लेक: उजेडासमोर धरले असता मधल्या घडीवर दोन ठिकाणी कापड विरलेले दिसले. त्यामुळे गाठीची साधी चोळी, आखूड बाहीच्या कडेला किनार आणि आतून मलमल, असे ठरवत आहे. विरलेली रेषा पाठीच्या मध्यभागी घेतली तर चालेल का?

शिवणटिपण: चालेल, पण तेथे अस्तराबरोबर मागून पातळ रेशमाची पट्टी हाताने, विरळ टाक्यांनी बसवून घ्यावी, यंत्राची सुई त्या रेषेवर चालवू देऊ नये.