दहावीच्या आलेखासाठी काय घ्यावं? (बजेट १५० रुपये)

खाडीकाठची: गुहागरजवळच्या खेड्यातून लिहितेय. मुलगा दहावीला. बीजगणिताचं पहिलंच प्रकरण, दोन चलांतील रेषीय समीकरणे. आलेखाने सोडवायला बसला की उत्तर चुकलंच म्हणून समजा. काल ३क्ष + २य = ६ आणि क्ष − य = १ होतं. मुलाला आलेला छेदनबिंदू (१.५, ०.५), बरोबर उत्तर (१.६, ०.६). आलेखवही घेऊ, सुटे कागद की कुठलं ॲप? दीडशेच्या वर जायचं नाही.

पेटीवाला: टॅब घ्या. मी मुलीला आंब्याच्या पैशातून घेतला, चौदा हजार. जिओजेब्रा फुकट आहे, एकदा उतरवलं की नेट नसलं तरी चालतं. समीकरण टाकलं की रेषा हजर.

खाडीकाठची: दीडशे म्हटलं हो.

सड्यावरचा: सुटे कागद. पावसात वहीची पानं मऊ पडतात, खोडायला गेलं की कागदच निघून येतो. आणि स्टीलची पट्टी नको, खाऱ्या वाऱ्याने गंजते. आमच्याकडे रेषेआधी गंजाचा पट्टा उमटायचा.

निश्चयकप्रेमी: आलेख सोडा. जिनिव्हाच्या क्रेमरने १७५० सालीच निश्चयकांची रीत (नुसत्या सहगुणकांवरून उत्तर काढायची) देऊन सुटका करून ठेवलीय.

सड्यावरचा: पेपरात 'आलेखाने सोडवा' लिहिलेलं असेल तर क्रेमर काय मार्क देणार?

मालवणी_झील: आमच्या येळार खंयचा ॲप! सुटे कागदच घेवा.

माजी_मास्तर: खरेदीवर भांडताय, मुलाने बिंदू कुठले घेतले ते कुणी विचारलंत?

खाडीकाठची: सर, पहिलीला (०, ३) आणि (२, ०). दुसरीला (०, −१) आणि (१, ०). दोन्ही अक्षांवर १ सेमी = १ एकक.

माजी_मास्तर: मग पोरगं चुकलंय एका मिलिमीटरने! त्याचा बिंदू दुसऱ्या समीकरणात बसतो, पहिल्यात ६ ऐवजी ५.५ येतात. ताळा केला असता तर तिथेच कळलं असतं. बिंदू लांबचे घ्या: पहिलीला (−२, ६), (४, −३). दुसरीला (−३, −४), (५, ४). तिसरा बिंदू रेषेवर पडतो का तेही बघा. उत्तर अपूर्णांकात येतंय असं वाटलं तर २ सेमी = १ एकक धरा. आणि पेन्सिलीला टोक करा.

सड्यावरचा: तेच म्हणतोय, सुटे कागद.

पेटीवाला: आमचं गणित ऐका. एक टेम्पोवाला २०० ठोक अधिक पेटीमागे २०, दुसरा नुसते पेटीमागे ४०. दहा पेट्यांना दोघांचेही चारशेच. त्यापुढे पहिला स्वस्त. हे मला मेव्हण्याने आलेख काढून दाखवलं, तोवर दोन सीझन दुसऱ्याच्या घशात गेले होते.

खाडीकाठची: सगळ्यांचे आभार. आलेखवहीच घेतली. सुटे कागद हा शाळेतून येईतो हरवतो. सरांचे बिंदू घेऊन उत्तर जुळलं. मग हौसेने पेट्यांचं गणित घेतलं, तेही २ सेमी = १ एकक धरूनच. चारशे रुपये म्हणजे आठ मीटर झाले. अंगणात काढू का विचारतोय.

माजी_मास्तर: क्ष-अक्षावर १ सेमी = १ पेटी, य-अक्षावर १ सेमी = ५० रुपये. दोन्ही अक्षांचं प्रमाण सारखं असायलाच हवं असं नाही. कोपऱ्यात लिहायला सांगा.

पेटीवाला: म्हणून म्हटलं टॅब घ्या.