रोग चीडच्या झाडाला अन् उपटायचं चिराईत? जाणकारांनी सांगा

वाईचा_विनू:
नमस्कार मंडळी. एप्रिलात फॅमिली घेऊन उत्तराखंडात कुमाऊँला गेलतो. रानीखेतच्या पुढं चहाला गाडी थांबवली तर रस्त्याच्या वरच्या अंगाला चीडची (हिमालयातला पाइन) लागवड होती, कमरेएवढी पोरसवदा झाडं. सहज जवळ गेलो तर बऱ्याच झाडांचं खोड एका जागी सुजल्यासारखं फुगलेलं आणि सालीतनं नारिंगी-पिवळ्या फोडी बाहेर आलेल्या. बोट लावलं तर हळदीला हात लावल्यासारखी पूड बोटाला. काही झाडांचा फोडीच्या वरचा शेंडा वाळून गेलेला, खालनं हिरवं. चहावाला आधी वनखात्याच्या नर्सरीत मजूर होता म्हणे, तो म्हणला यावर औषध नाही, आजूबाजूचं चिराईत उपटायचं, बास. मला वाटलं गडी फेकतोय. चिराईत म्हणजे आपण तापाला काढा करून पितो तेच ना? त्याचा आणि चीडचा काय संबंध? आणि दुसरं, परदेशात पाइनची जंगलंच्या जंगलं रोगानं गेली असं वाचतो, तर एवढं मोठं जंगल बुरशीनं मरतं तरी कसं आणि फवारणी का करत नाहीत? कुणाला डिटेल माहिती असंल तर लिहा.

गेरवावाले_काका:
विनू, चहावाला बरोबर बोलला. तू बघितलास तो चीडच्या खोडावरचा तांबेरा, बुरशीचं नाव क्रोनार्शियम हिमालयेन्स. या बुरशीला जन्म पुरा करायला दोन झाडं लागतात, एक चीड आणि दुसरं चिराईताच्या जातीतलं रोपटं. चीडवर जी पूड तुझ्या बोटाला लागली ते बीजाणू, म्हणजे बुरशीचं बी, परत चीडवर रुजतच नाहीत, ते वाऱ्यानं उडून चिराईताच्या पानावर जातात, तिथं वाढतात, आणि तिथनं जे वेगळ्या जातीचे नाजूक बीजाणू निघतात ते चीडच्या सुयांमधनं आत शिरतात, मग हळूहळू खोडापर्यंत. म्हणजे चीडवरनं सरळ शेजारच्या चीडवर उडी नाही, मधे चिराईत पाहिजेच. म्हणून नर्सरीच्या आणि नवीन लागवडीच्या आसपासचं चिराईत काढतात. मोठी चीड सहसा तग धरते, मरतात ती रोपं, खोडाला चारी बाजूनं वेढा पडला की वरचा भाग खलास.

आपल्याकडं महाबळेश्वरला गहू गेरवा (गेरवा म्हणजे तांबेराच) संशोधन केंद्र आहे ना, नोकरीमुळं तिथं जाणं-येणं असायचं, तिथं हा विषय रोजचा. गव्हाच्या काळ्या तांबेऱ्याला पण असंच दुसरं झुडूप लागतं, बार्बेरी. युरोप-अमेरिकेत लोकांनी बार्बेरी खणून काढली. पण आपल्याकडं आग्र्याच्या के. सी. मेहतांनी दाखवून दिलं की भारतात बार्बेरीचा काही रोल नाही, तांबेरा उन्हाळ्यात डोंगरातल्या गव्हावर जगतो आणि थंडीत वाऱ्यावर खाली मैदानात येतो. त्यामुळं प्रत्येक ठिकाणी “दुसरं झाड उपटा” हा उपाय चालतोच असं नाही, आधी रोग तिथं कसा फिरतो ते बघायला लागतं.

तासगावची_बाग:
फवारणीचं मी सांगतो. आम्ही द्राक्षाला डाऊनी (केवडा रोग) येऊ नये म्हणून छाटणीपासनं किती हात मारतो ते आमचं आम्हाला माहीत, पाऊस झाला की रात्री बारा वाजता पण ब्लोअर चालू. ते परवडतं कारण एकरी माल निघतो. डोंगरउतारावर शंभर फुटी झाडाला कोण मारणार आणि कितीवेळा? वरनं बुरशी एकदा सालीच्या आत गेली की बाहेरनं मारून उपयोग शून्य.

आता एक गंमत सांगतो. एक्स्पोर्टला माल भरताना लाकडी पॅलेट येतं, त्याच्या ठोकळ्यावर गव्हाच्या ओंबीचं चित्र आणि एचटी (हीट ट्रीटमेंट) असा शिक्का जाळून मारलेला असतो, तो नसला की कंटेनर अडकलाच म्हणून समजा. तो शिक्का आला त्यामागं मोठं कारण म्हणजे पाइनचा रोग. पाइनच्या लाकडात एक सूत्रकृमी (निमॅटोड, बारीक दोऱ्यासारखा किडा) असतो, आपल्याकडं डाळिंबवाल्यांना निमॅटोड मुळांमध्ये त्रास देतो, हा मात्र खोडात राहतो आणि एका लांब मिशीच्या भुंगेऱ्यावर बसून झाडं बदलतो. मूळचा अमेरिकेतला, तिथल्या पाइनला त्याची सवय आहे, फारसं काही होत नाही. तोच जपानात पोचला तर तिथली पाइन एका सीझनमध्ये लाल होऊन वाळायला लागली, १९९९ मध्ये पोर्तुगालात पण सापडला. म्हणून लाकूड आतपर्यंत ५६ डिग्रीला ३० मिनिटं तापवल्यावरच हा एचटी शिक्का मिळतो. आम्ही शिव्या घालत होतो त्या शिक्क्याला, खर्च वाढतो म्हणून.

मिरजेचा_पण_ओरेगॉनात:
तासगावकर अण्णा, पॅलेटचा मुद्दा एकदम करेक्ट. मी इथं झाडांवरच शिकतोय म्हणून थोडं लांबलचक लिहितो, कंटाळा आला तर स्क्रोल करा.

विनूदादाला जो रोग दिसला त्याचा सख्खा भाऊ इथं आहे, व्हाइट पाइन ब्लिस्टर रस्ट. त्याचं दुसरं घर म्हणजे रायबीस, गूजबेरी-करंटची झुडपं. हा मूळचा आशियातला. अमेरिकेची व्हाइट पाइन युरोपात नेऊन लावली, तिथं तिला हा लागला, आणि मग १९०० च्या आसपास लागवडीसाठी रोपं कमी पडतात म्हणून तिचीच रोपं युरोपातल्या नर्सऱ्यांमधनं स्वस्तात परत अमेरिकेत आणली, सोबत रोग फुकट. पश्चिम किनाऱ्यावर १९१० मध्ये व्हँकुव्हरला फ्रान्सहून आलेल्या रोपांबरोबर उतरला. १९१२ चा अमेरिकेचा क्वारंटाईन कायदा यायला हे एक मोठं कारण. १९३० च्या दशकातल्या मंदीत हजारो बेकार पोरांना डोंगरात पाठवून रायबीस उपटायला लावलं, वर्षानुवर्षं. पश्चिमेकडं ते फेल गेलं, कारण रायबीसचं बी मातीत कित्येक वर्षं जिवंत राहतं आणि मुळाचा तुकडा राहिला तरी फुटतं. शेवटी १९६० च्या दशकात नाद सोडला. काकांनी म्हटलं तसंच, नर्सरीभोवती ठीक, अख्ख्या डोंगररांगेत नाही.

सगळ्यात वाईट हाल व्हाइटबार्क पाइनचे. ही अगदी वर, झाडं संपतात त्या उंचीवर वाढते. हिचं बी नटक्रॅकर नावाचा पक्षी जमिनीत पुरून ठेवतो आणि जे खायचं विसरतो त्यातनं नवीन झाडं येतात, अस्वलं पण खारींनी साठवलेलं तेच बी उकरून खातात. तांबेऱ्यानं आधी बी धरणाऱ्या वरच्या फांद्या मरतात, म्हणजे झाड उभं दिसतं पण त्याचा वंश तिथंच थांबलेला. डिसेंबर २०२२ मध्ये तिला अमेरिकेच्या सरकारी यादीत ‘थ्रेटन्ड’, म्हणजे धोक्यात आलेली, म्हणून घेतलं. यात एकट्या तांबेऱ्याचा हात नाही हां, खोडकिडा, वणवे, वाढतं तापमान सगळं एकत्र आलंय, पण तांबेरा मुख्य.

दुसरं उदाहरण चिखलाचं. इथं पोर्ट ऑर्फर्ड सीडर म्हणून झाड आहे, त्याच्या मुळाला फायटोप्थोरा लागतो, अण्णांच्या डाऊनीच्या गोतावळ्यातलाच, पाण्यात पोहणारे बीजाणू. तो ओढ्यानं खाली जातो हे ठीक, पण ओढ्याच्या उलट वर डोंगरात कसा चढला? लाकडाच्या ट्रकच्या टायरला लागलेल्या चिखलातनं. म्हणून पावसाळ्यात जंगलातले काही रस्ते चक्क गेट लावून बंद करतात आणि गाड्या धुऊन आत सोडतात. सोबत टिकणारी झाडं शोधून त्यांच्या बियांपासनं रोपं करणं चालू आहे, आणि मला विचाराल तर खरा भरवसा तिथंच आहे, बाकी सगळं वेळ काढणं.

कोरेगाव_आलेवाला:
मूळकूज म्हटलं की आमच्या पोटात गोळा येतो राव. आल्यात कंदकुज एका कोपऱ्यात दिसली की पाणी जाईल तिकडं प्लॉट बसतो. जंगलात पण मुळामुळातनं जातं का हे?

मिरजेचा_पण_ओरेगॉनात:
जातं की. हेटरोबेसिडियन नावाची बुरशी आहे, ती आत शिरते ताज्या कापलेल्या बुडख्यावरनं. झाड तोडलं, बुडख्यावर बीजाणू पडले, खाली मुळात उतरली आणि जिथं शेजारच्या झाडाचं मूळ टेकलंय तिथनं पलीकडं. म्हणजे विरळणी करून जंगल सुधारायला जावं तर रोगाला दार उघडं. त्यावर युरोपात तोडणी मशीनच बुडख्यावर लगेच युरिया नाहीतर दुसरी एक निरुपद्रवी बुरशी मारतं, ती आधी जागा धरून बसते. तुम्ही बेण्याला ट्रायकोडर्मा लावता त्यातलाच विचार.

कोयनाकाठ:
मला हे सगळं वाचून एक वाटतं, रोगराई ही निसर्गाचीच व्यवस्था आहे. म्हातारी झाडं मरणार, उजेड खाली येणार, नवीन रान येणार. माणसानं मधे पडायचंच कशाला.

गेरवावाले_काका:
जुन्या घरच्या रोगांपुरतं तुमचं बरोबर आहे. ओरेगॉनात आर्मिलेरिया नावाची बुरशी जमिनीखाली सुमारे २३८५ एकरांत पसरलीय, एकच जीव, हजारो वर्षांचा असावा असा अंदाज, आणि वर जंगल आहेच की. ती झाडं मारते, जागा मोकळी होते, दुसरी जात येते. पण ब्लिस्टर रस्ट काय किंवा जपानातला सूत्रकृमी काय, ते माणसानं जहाजात घालून नेले. ज्या झाडानं तो रोग कधी बघितलाच नाही त्याला सावरायला वेळच मिळत नाही. आपल्या हिमालयातली कैल पाइन ब्लिस्टर रस्टला बऱ्यापैकी तोंड देते, आणि अमेरिकेची व्हाइट पाइन तिच्याच जवळची असून कोलमडते. मधे आपण आधीच पडलोय, आता लांबनं बघत बसून कसं चालंल?

आणखी ताजं उदाहरण इंग्लंडचं. तिथं लागवडीच्या जपानी लार्चवर (हे पण सुईसारख्या पानांचं झाड) २००९ मध्ये फायटोप्थोराची एक जात सापडली, सुयांवर एवढे बीजाणू तयार होतात की पावसाच्या थेंबाबरोबर सगळ्या रानावर. नोटीस काढून झाडं तोडायला लावतात, निरोगी दिसणारी पण.

वाईचा_विनू:
काका, भावांनो, लई भारी माहिती. म्हणजे माझ्या बोटाला लागलेली पूड मी तिथंच चिराईताला पुसली असती तर मीच मधला माणूस झालो असतो 😅 बूट मात्र न धुता तसेच घरी आणलेत, आता धुतो.

पाचगणी_बंगला:
विषयाला धरूनच विचारते. आमच्याकडं गेटजवळची मोरपंखी आतनं तपकिरी व्हायला लागलीय, आणि रस्त्याकडेचे सिल्व्हर ओक पण शेंड्याला वाळतायत. हाच रोग का?

गेरवावाले_काका:
ताई, सिल्व्हर ओक सूचिपर्णी (पाइनच्या गोतावळ्यातलं) नव्हे, त्याचं वेगळं बघायला लागंल, त्याचा इथल्या कशाशी संबंध जोडू नका. मोरपंखी आतल्या बाजूनं तपकिरी होणं हे बऱ्याचदा नुसतं जुनी पानं झडणं असतं. बाहेरचे शेंडे पण जात असतील तर बुडाशी पाणी साठतंय का ते आधी बघा, एक बाजू उकरून मुळाची साल काळी आणि मऊ लागतीय का तपासा, आणि उकरलेली कुदळ धुतल्याशिवाय दुसऱ्या झाडाला लावू नका. उजेडात काढलेले फोटो टाका, बुडाचा एक आणि फांदी वाकवून आतला एक.