लॉर्ड्सचा उतार आणि वेंगसरकरांची तीन शतकं

लेगग्लान्स:
भारताचे फलंदाज दिलीप वेंगसरकरांनी १९७९, १९८२ आणि १९८६ अशा इंग्लंडच्या तीन दौऱ्यांत लंडनच्या लॉर्ड्सवर कसोटी शतक केलं. त्या मैदानाचा उतार भल्याभल्यांना चकवतो. उंच, पुढच्या पायावर खेळणाऱ्या मुलांना शिकवताना या खेळ्यांमधून नेमकं काय घ्यावं? आणि तिन्हींत सरस कुठली?

पाचवा_स्टंप:
आधी आकडे. १९७९ ला भारत पहिल्या डावात ९६ मध्ये आटोपला, वेंगसरकर शून्यावर. दुसऱ्या डावात १०३, विश्वनाथ ११३, दोघांची २१० ची भागीदारी आणि सामना वाचला. १९८२ ला पहिल्या डावात २, मग फॉलोऑननंतर १५७. कपिलच्या ८९ मुळे ती खेळी झाकोळली आणि सामनाही हरलो. १९८६ ला नाबाद १२६ आणि ३३, लॉर्ड्सवरचा भारताचा पहिला कसोटी विजय. १९९० ची ५२ आणि ३५ धरली तर तिथे ८ डावांत ५०८ धावा.

माझं मत १९८६ ला. शेवटचा गडी मणिंदर सिंग सोबत असताना शतक पूर्ण करून आघाडी वाढवायची, म्हणजे कुठला चेंडू मारायचा आणि षटकाच्या शेवटी एक धाव कुठे काढायची, हे सतत ठरवावं लागतं. शिवाय आधीच्या दोन्ही शतकांच्या वेळी पहिल्या डावात ते लवकर गेले होते. १९८६ ला पहिल्याच डावात जमलं.

आडवी_बॅट_नको:
उताराबद्दल. मैदानाची ग्रँडस्टँड या प्रेक्षकसज्जाकडची बाजू वर, समोरच्या टॅव्हर्न सज्जाकडची खाली, फरक सुमारे अडीच मीटर. खेळपट्टीच्या रुंदीत तो काही इंचांचाच, पण टप्पा पडल्यावर चेंडूला तेवढं पुरतं. उजव्या फलंदाजाचे प्रश्न दोन टोकांना वेगळे असतात.

पॅव्हिलियन एन्डकडून टाकलेला चेंडू उतारावरून आत येतो. फलंदाजाची छाती चढाकडे असते, त्यामुळे वजन नकळत टाचांवर जातं. बॅट आणि पॅडमध्ये फट पडली की त्रिफळा, आणि ऑफस्टंपबाहेरचा म्हणून सोडलेला चेंडूही यष्टीवर येतो. २००५ मध्ये ऑस्ट्रेलियाचा वेगवान गोलंदाज मॅकग्राने याच टोकाकडून ५३ धावांत ५ बळी घेतले.

समोरच्या टोकाकडून, म्हणजे नर्सरी एन्डकडून उलटं. चेंडू बाहेर निघतो आणि छाती उताराकडे असल्याने डोकं ऑफला झुकतं. मग पुढचा पाय आडवा पडतो. बाहेरच्या चेंडूमागे हात गेले तर स्लिपमध्ये झेल. सरळ राहिलेल्या चेंडूला बॅट पॅडला वळसा घालून आणावी लागते, तोवर पायचीत.

वेंगसरकर ताठ उभे राहून खेळायचे आणि ड्राइव्ह हा त्यांचा हुकमी फटका. आत येणारा चेंडू ऑनला सरळ बॅटने खेळता आला की पॅव्हिलियन एन्डची निम्मी चिंता मिटते. मुलांना हेच दाखवा: पाय चेंडूच्या रेषेच्या किंचित आत, डोकं पायावर, बॅटचं तोंड मिडऑनकडे.

सरावाला १६ यार्डांवरून हाताने चेंडू फेका. १२ आत येणारे, १२ बाहेर जाणारे, मग न सांगता मिसळून. पुढचा पाय कुठे पडतो ते चुन्याने क्रीजवर आखून ठेवा. उंच मुलाचं डोकं ऑफला पडायला लागलं की खुणा आडव्या सरकताना स्पष्ट दिसतात.

लेगग्लान्स:
दोन टोकांना गार्ड, म्हणजे यष्टींसमोर उभं राहायची जागा, बदलायचा का?

आडवी_बॅट_नको:
बदलला तरी चालतं, पण ऑफस्टंप कुठे आहे याचा अंदाज बिघडू देऊ नका. शिकणाऱ्या मुलाने एकच गार्ड ठेवावा आणि फक्त कुठला चेंडू सोडायचा ते टोकानुसार ठरवावं. नर्सरीकडून जास्त सोडा, पॅव्हिलियनकडून कमी.

डीप_फाइनलेग:
दुसरी बाजूही सांगायला हवी. वेंगसरकरांच्या ११६ कसोटींत ६८६८ धावा, १७ शतकं. त्यातली १३ भारतात आणि बाहेरची चारही इंग्लंडमध्ये. ऑस्ट्रेलिया, पाकिस्तान, वेस्ट इंडीजमध्ये एकही नाही. इंग्लंडमध्ये चेंडू पुढे पडतो, तिथे ड्राइव्ह चालतो. ऑस्ट्रेलियात उसळी जास्त, तोच फटका बॅटच्या वरच्या भागाला लागतो. म्हणून मुलांना फक्त लॉर्ड्सच्या खेळ्या दाखवू नका, मागच्या पायाचा खेळही हवा.

मात्र वेगाला ते घाबरत होते असा अर्थ काढू नये. १७ पैकी ६ शतकं वेस्ट इंडीजविरुद्ध आहेत. त्यातली १९८३ च्या मोसमातली दोन, दिल्लीत १५९ आणि मुंबईत १००, त्यांचा वेगवान गोलंदाज मार्शलसमोरची. त्याच वर्षी विश्वचषकात ओव्हलवर मार्शलचाच चेंडू तोंडावर बसून ते जखमी निवृत्त झाले होते.

पाचवा_स्टंप:
मान्य. आणि तंत्रासाठी लॉर्ड्सपेक्षा १९८६ चीच हेडिंग्लेची (लीड्स) कसोटी बघा: ६१ आणि नाबाद १०२. दुसऱ्या डावात भारताच्या एकूण धावा २३७. इंग्लंड त्या सामन्यात १०२ आणि १२८ वर बाद झालं, म्हणजे खेळपट्टी कशी होती ते कळतं. पावसाळ्यात होणाऱ्या मुंबईच्या कांगा लीग स्पर्धेच्या ओल्या मातीत वाढलेल्या मुंबईच्या फलंदाजांना चेंडू उशिरा खेळायची सवय लागते, ती अशा ठिकाणी कामी येते. मुलांना पावसाळ्यात मॅटवर नेण्याऐवजी आठवड्यातून एक दिवस तरी ओल्या मातीवर खेळवा.