मदत हवी आहे : नागपुरात ज्येष्ठांच्या घरपोच सेवेबद्दल कुटुंबांना कसं सांगावं?

नमस्कार मंडळी,

मी नागपूरला त्रिमूर्तीनगरात राहते. १४ वर्षं एका खासगी हॉस्पिटलात स्टाफ नर्स होते, त्यातली शेवटची ६ वर्षं हाडांच्या वॉर्डात. दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून ज्येष्ठांची घरी जाऊन देखभाल करायचं काम सुरू केलं. आज माझ्याकडे ११ बायका आणि ३ पुरुष अटेंडंट आहेत. अंघोळ घालणं, शुगर-बीपी बघणं, लघवीची पिशवी रिकामी करणं, नाकातल्या नळीतून जेवण देणं, पॅरालिसिसच्या पेशंटला उठवून बसवणं, हे सगळं मी स्वतः शिकवून घेतलं आहे. कामाची मला काळजी नाही. अडचण आहे ती हे काम लोकांना सांगायची, म्हणून हा धागा काढते आहे.

आधी हे का सुरू केलं ते सांगते, म्हणजे प्रश्न नीट कळेल. आमच्या वॉर्डात बाथरूममध्ये पाय घसरून खुब्याचं हाड मोडलेले आजी-आजोबा कायम असायचे. ऑपरेशन व्यवस्थित व्हायचं. मग डिस्चार्जच्या दुपारी मुलगा बिलाच्या खिडकीशी उभा राहून फोनवर फोन लावायचा, "कोणी बाई मिळेल का, निदान रात्रीची तरी?" नर्सिंग ब्युरोतून जी मोकळी असेल ती यायची. दोन-तीन आठवड्यांनी त्यातलं एखादं पेशंट पाठीच्या खाली तळहाताएवढी जखम घेऊन परत यायचं. दर दोन तासांनी कूस बदलायची असते हे त्या बाईला कोणी शिकवलेलं नसायचं आणि घरच्यांनाही ठाऊक नसायचं. त्या जखमा धुताना मला फार वाईट वाटायचं. या माणसांच्या घरी पडण्याच्या आधीच कोणीतरी जायला हवं होतं, हे तेव्हापासून डोक्यात आहे.

आता माझं घोडं अडलंय ते इथे. पडल्यावर मला फोन येतात. पडण्याच्या आधी कोणीच फोन करत नाही.

जाहिरातीचे आतापर्यंतचे प्रयत्न असे. लक्ष्मीनगर, बजाजनगर, प्रतापनगर, खामला या भागात वर्तमानपत्रातून १०,००० पत्रकं टाकली. चार फोन आले. त्यातले दोन नोकरी मागणारे, एक बाळंतिणीसाठी मालिशवाली हवी म्हणून. नंतर ३ महिने फेसबुकवर जाहिरात दिली, नागपूरपासून १५ किलोमीटरच्या परिघात, एकूण १८,००० रुपये गेले. जाहिरात एका ओळखीच्या मुलाने करून दिली होती. चाकाच्या खुर्चीत मान खाली घालून बसलेल्या आजोबांचा फोटो आणि वर ओळ, "तुम्ही दूर आहात. ते एकटे आहेत. एक घसरणं पुरेसं आहे." मलाही तेव्हा ती बरी वाटली होती.

त्या जाहिरातीवरून पुण्याहून एका मुलीचा फोन आला. आई-वडील धरमपेठेत, दोघंही पंचाहत्तरीच्या पुढचे, जाऊन बघून या म्हणाली. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) मी गेले. दार आजोबांनी उघडलं. माझं नाव-गाव ऐकून घेतलं, आत बसवलं, आणि मुलीने पाठवलेली तीच जाहिरात मोबाईलवर काढून माझ्यासमोर मोठ्याने वाचून दाखवली. मग म्हणाले, "म्हणजे आम्ही पडायचीच वाट पाहून राहिलात का तुम्ही?" मला उत्तर देता आलं नाही.

आजी पाणी घेऊन आल्या. पेला ठेवायला मी त्यांच्यामागे स्वयंपाकघरात गेले, तर ओट्याच्या कोपऱ्यात औषधांची ती वारांची पेटी होती, सात खणांची. त्या दिवशी शुक्रवार होता. सोमवार रिकामा होता, मंगळवारपासून पुढचे सगळे खण भरलेले. मी बघितलं हे आजींनी बघितलं. हळूच म्हणाल्या, "ह्यांना सांगू नका हो. मला हल्ली आठवत नाही." मी मुलीला एवढंच कळवलं की आईच्या औषधांकडे लक्ष द्या, डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या. आजोबांनी सेवा नको म्हणून सांगितलं. मुलीने फोन करून माझी माफी मागितली. ती पेटी मात्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. त्या घरात जायची वाट माझ्याच जाहिरातीने बंद केली, असं मला आजही वाटतं.

दुसरा रस्ता हॉस्पिटलचा. एका ठिकाणी डिस्चार्जच्या टेबलावर माझी कार्डं ठेवा म्हणून विनंती केली, तर पहिल्या महिन्याच्या पैशातले २० टक्के मागितले. मी १२ तासांच्या पाळीचे ९०० रुपये घेते, त्यातले ७०० अटेंडंटला देते. उरलेल्या २०० मध्ये ट्रेनिंग, पोलीस पडताळणी, ऐनवेळी बदली माणूस, माझी धावपळ. २० टक्के दिले तर ते माझ्या बायकांच्या पगारातूनच जाणार. मी नाही म्हणून आले.

आणखी एक अडचण. बरेच जण विचारतात, "आयुष्मान कार्डावर होईल का?" ७० वर्षं आणि त्यापुढच्या सगळ्यांना उत्पन्नाची अट न लावता ५ लाखांपर्यंतच्या उपचारांचं आयुष्मान वय वंदना कार्ड ऑक्टोबर २०२४ पासून मिळू लागलं, ते हॉस्पिटलात भरती होण्यासाठी आहे. घरी ठेवलेल्या अटेंडंटचे पैसे त्यातून मिळत नाहीत. हे सांगितलं की अर्धे लोक फोन ठेवतात. खोटं बोलून गिऱ्हाईक धरायचं नाही हे पक्कं आहे, पण हीच गोष्ट आधीच कुठे आणि कशी लिहावी?

तर मला विचारायचं आहे ते असं. पैसे देणारा मुलगा किंवा मुलगी पुण्यात, हैदराबादेत, अमेरिकेत. सेवा घेणारे आई-बाबा इथे. एकाला कळेल असं बोलायला जावं तर दुसऱ्याचा अपमान होतो. दोघांशी वेगवेगळं बोलायचं का? तुमच्यापैकी कोणी घरी असा माणूस ठेवला असेल तर कशावरून ठरवलंत? आणि आई-बाबांना कसं राजी केलंत? जाहिरातीचं बजेट महिन्याला फार तर ५,००० आहे. कडक बोललात तरी चालेल.

*

प्रतिसाद : बेसा ते बंगळूर

ताई, मी तुमच्या जाहिरातीतला 'दूर असलेला मुलगा'. आई-बाबा नागपूरला बेसात, मी बंगळूरला. माझा अनुभव सांगतो.

अशा जाहिराती मला दिसायच्या आणि मी अंगठ्याने वर सरकवायचो. अपराधी वाटायचं म्हणून बघायचोच नाही. बाबांना माइल्ड स्ट्रोक झाला तेव्हा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलाजवळच्या लॉजवर रात्री दोन वाजता गूगलवर शोधलं. ज्याने सकाळी सातला फोन उचलला त्याला काम दिलं. बस, एवढंच ठरवणं झालं.

पण त्याच्या आधीचा डिसेंबर मला आठवतो. सुटीवर आलो होतो. फ्रिजमध्ये तीन डब्यांत तीच भाजी, लाइटचं बिल दोनदा भरलेलं, बाबांच्या स्कूटीला नवा ओरखडा. मला दिसत होतं. परतीच्या आदल्या रात्री झोप लागली नाही. त्या आठवड्यात कोणी साधेपणाने सांगितलं असतं की आठवड्यातून दोनदा तासभर माणूस येऊन बघून जाईल, इतके इतके पैसे, तर मी तिथल्या तिथे हो म्हटलं असतं. बाहेर राहणारी पोरं दिवाळीत आणि डिसेंबर-जानेवारीत घरी येतात. तुमचे पैसे त्या दिवसांत खर्च करा.

मला काय लिहिलेलं हवं होतं तेही सांगतो. दर स्पष्ट. माणूस आला नाही तर किती वेळात दुसरा येईल. पडताळणी झाली आहे का. रात्री नऊला दोन ओळींचा निरोप येईल का, काय जेवले, औषध घेतलं का. कार्डाचं म्हणाल तर दराच्या खालीच लिहा, 'ही सेवा वय वंदना कार्डात बसत नाही'. मला ते वाचून उलट भरवसाच वाटला असता. आणि बाबांना न विचारता त्यांचा फोटो कुठेही टाकायचा नाही, हे लेखी द्या. आमच्याकडच्या एजन्सीने टाकला होता. बाबा दोन दिवस बोलले नाहीत.

*

प्रतिसाद : वर्धारोड

छोट्या दुकानांच्या जाहिराती करतो, म्हणून थोडक्यात. पैसे देणारे बाहेरगावी आहेत आणि तुम्ही जाहिरात नागपूरच्या १५ किलोमीटरात दाखवली! पुणे, हैदराबाद, बंगळूर इथल्या मराठी वाचणाऱ्यांना दाखवून बघा, मजकुरात 'नागपूर' ठळक. गूगलवर व्यवसायाची नोंद करा, फुकट आहे. घरचा पत्ता लपवून फक्त सेवेचा भाग दाखवता येतो. जुन्या कुटुंबांना दोन ओळी लिहायची विनंती करा, रात्री दोन वाजता शोधणारा तेच वाचतो. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्टवर विसंबू नका, ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच तो निरोप जातो.

*

प्रतिसाद : अंबाझरीचा फेरफटका

बेटा, मी ७८ वर्षांचा, रेल्वेतून निवृत्त. मुलगा पुण्यात, सून पण नोकरीवर. तुझ्या धरमपेठेच्या आजोबांच्या जागी मी असतो तर मी पण तेच बोललो असतो, म्हणून लिहितो.

आम्हाला मदत नको असते असं नाही. आम्हाला 'पेशंट' व्हायचं नसतं. माझ्या घरी मुलाने आधी बाई पाठवली होती, पांढऱ्या कोटात. शेजारचे विचारायला आले, "काय झालं जी?" मी तिला दुसऱ्या दिवशी परत पाठवलं.

मग मे महिना आला. आमच्याकडे कूलर खिडकीत बसवलेला. ४५ डिग्रीत दिवसातून दोनदा पाणी भरायचं, पाइप न्यायचा, फरशी ओली, वर वायर. एकदा हाताला झिणझिण्या आल्या, तेव्हा बायको घाबरली. गल्लीतल्या एका पोराला सांगितलं, तो सकाळ-संध्याकाळ पाणी भरून द्यायचा. हळूहळू तोच माझ्यासोबत बँकेत येऊ लागला, दवाखान्यात नंबर लावू लागला. आज तो दोन दिवस आला नाही तर आम्हाला करमत नाही. त्याला कोणी 'केअरटेकर' म्हटलं असतं तर मी दारात उभा केला नसता.

तू अशा कामापासून सुरुवात कर. नोव्हेंबरमध्ये आम्हा पेन्शनरांना हयातीचा दाखला द्यावा लागतो, ८० च्या वर असेल त्याला १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. आता मोबाईलवर चेहरा दाखवूनही होतो, पण आमच्यातल्या किती जणांना ते जमतं? नागपुरात रेल्वेचे, वेकोलिचे (वेस्टर्न कोलफील्ड्स), एजी ऑफिसचे (महालेखाकार कार्यालय), ऑर्डनन्स फॅक्टरीचे पेन्शनर घराघरात आहेत. तुझी एखादी मुलगी मोबाईल घेऊन घरी आली आणि दाखला काढून दिला, तर चहा प्यायल्याशिवाय कोणी जाऊ देणार नाही. तेव्हा ती औषधांची पेटी तिलाही दिसेल.

आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळात ये. भाषण नको करू, सामान विकू नको. ओल्या बाथरूममध्ये काय करायचं, पलंगावरून कसं उठायचं, रात्री दिवा कुठे ठेवायचा, हे करून दाखव. पत्रकावर १४५६७ पण छाप, ज्येष्ठांसाठी सरकारची मोफत हेल्पलाइन आहे. आपल्या धंद्याचं नाही असंही काही छापलेलं दिसलं की माणूस ते पत्रक रद्दीत टाकत नाही, टेलिफोनखाली ठेवतो.

*

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचा प्रतिसाद मी माझ्या सगळ्या बायकांना वाचून दाखवला. एक जण म्हणाली, "ताई, कूलरचं पाणी तर मी रोजच भरते, ते आपण कधी सांगितलंच नाही." खरंच आहे. आमच्या मुली निम्मा वेळ अशीच कामं करतात, आणि मी पत्रकावर कॅथेटर (लघवीची नळी) आणि राइल्स ट्यूब (नाकातली नळी) छापत बसले.

ती फेसबुकची जाहिरात आज सकाळी काढून टाकली. पांढरे कोटही बंद, साध्या साडी-ड्रेसवर फक्त ओळखपत्र. फोटो न टाकण्याचं लेखी देण्याची सूचना लगेच अमलात आणते, आणि वय वंदना कार्डाची ओळही दराच्या खालीच छापणार आहे. बाहेरगावच्या मुलांसाठी डिसेंबरच्या आधी वेगळं पत्रक करीन, त्यात दर आणि बदली माणसाची हमी असेल. एक तासाच्या कामाचा दर मी १५० धरला आहे, त्यातले १२० मुलीला. जाण्या-येण्यात तिचा वेळ जातो, म्हणून एकाच गल्लीतली घरं जोडून द्यावी लागतील. जमेल असं वाटतं.

आई-बाबांसाठीच्या पत्रकाचा मजकूर असा लिहिला आहे :

"त्रिमूर्तीनगर, प्रतापनगर, खामला. बँकेत सोबत, दवाखान्यात नंबर, घरी येऊन हयातीचा दाखला, कूलरचं पाणी, औषधांच्या पेटीत आठवड्याच्या गोळ्या लावून देणं. तासाला १५० रुपये. येणारी मुलगी शेजारच्याच वस्तीतली, ओळखपत्र बघूनच घरात घ्या."

काका, हे तुमच्या दारात पडलं तर तुम्ही फोन कराल का? आणि मंडळाची बैठक कोणत्या वारी असते?